जुलाब थांबले, मूल सावरले का?

पावसाळ्याचे पहिले दोन-तीन आठवडे सरले, की मिरा-भाईंदरमधल्या मुलांच्या दवाखान्यांबाहेर एक दृश्य हमखास दिसते. कडेवर दहा-अकरा महिन्यांचे मूल, खांद्यावरच्या पिशवीत पाण्याची बाटली आणि चार लंगोट, आईच्या डोळ्यांत रात्रभरचे जागरण. मुलाला आदल्या दिवसापासून सात-आठ वेळा पातळ शौचाला झालेली असते. डॉक्टर तपासतात, ओआरएसची पाकिटे आणि झिंक लिहून देतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी जुलाब थांबतात. आई सुटकेचा निःश्वास टाकते आणि दवाखान्याच्या लेखी मूल बरे होते.

पुढचा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. त्या चार दिवसांत मुलाचे जे वजन उतरले, ते भरून आले का? शेजारी राहणाऱ्या अंगणवाडी सेविकेला या आजारपणाचा पत्ता असतो का? तीन-चार आठवड्यांनी तेच मूल पुन्हा त्याच तक्रारीने आले, तर पहिल्या खेपेशी त्याचा संबंध कोणी लावतो का? जुलाब हा दवाखान्याचा विषय आणि वजन हा अंगणवाडीचा विषय, अशी वाटणी झाली आहे. मुलाच्या शरीरात मात्र हे दोन्ही विषय एकच असतात. शौच घट्ट झाली म्हणजे आजार संपला, ही समजूत घरातून आणि आरोग्य यंत्रणेतूनही जायला हवी. गेलेले वजन परत येईपर्यंत मूल आजारीच असते.

दोन्ही बाजूंनी आवळणारा फास

हे नव्याने लागलेले शोध नाहीत. नेव्हिन स्क्रिमशॉ, कार्ल टेलर आणि जॉन गॉर्डन या तीन संशोधकांनी पोषण आणि जंतुसंसर्ग यांच्या परस्परसंबंधावर लिहिलेला ग्रंथ जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ मध्ये प्रसिद्ध केला. यांपैकी टेलर यांचा जन्म मसुरीचा, आणि त्यांचे महत्त्वाचे काम पंजाबातील नारंगवाल परिसरातले. या तिघांनी मांडलेले सूत्र साधे होते. कुपोषण आणि संसर्ग एकत्र आले, की त्यांचा परिणाम नुसत्या बेरजेइतका राहत नाही. एक दुसऱ्याला बळ देतो आणि दोघे मिळून मुलाला खाली ओढतात.

वर दूध सोडून अन्न सुरू होते त्या वयात होणाऱ्या जुलाबांकडे गॉर्डन यांनी त्याआधीच लक्ष वेधले होते. सहा महिन्यांपर्यंत मूल आईच्या दुधावर असते, तेव्हा त्याच्या पोटात बाहेरचे जंतू कमी जातात आणि दुधातून संरक्षणही मिळते. त्यानंतर वाटी, चमचा, पाणी, जमिनीवरचे रांगणे आणि तोंडात जाणारी प्रत्येक वस्तू यांतून जंतूंची रांग लागते. नेमक्या याच काळात वाढीसाठी अन्नाची गरज सर्वाधिक असते आणि बहुतेक घरांत नेमके याच काळात अन्न कमी पडते. सहा महिने ते दोन वर्षे हा टप्पा म्हणूनच सर्वांत नाजूक ठरतो. दात येताना जुलाब होतातच, असे घरोघर म्हटले जाते. दात येण्याचे वय आणि जंतू पोटात जाण्याचे वय एकच असल्यामुळे ही समजूत टिकून आहे. दातांमुळे जुलाब होत नाहीत, आणि ‘दाताचे आहेत, थांबतील’ म्हणून घालवलेले दोन दिवस महागात पडतात.

या फासाची ताकद किती, याचा अंदाज मोठ्या पाहण्यांतून आला आहे. पाच देशांतील नऊ अभ्यासांची माहिती एकत्र करून २००८ मध्ये केलेल्या विश्लेषणात असे दिसले, की दोन वर्षांच्या वयात आढळणाऱ्या खुजेपणापैकी सुमारे एक चतुर्थांश भाग हा पाच किंवा अधिक वेळा झालेल्या जुलाबांशी जोडता येतो. २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आफ्रिका आणि आशियातील सात ठिकाणी झाला, त्यांत कोलकाताही होते. मध्यम ते तीव्र जुलाब झालेल्या मुलांमध्ये पुढच्या साधारण दोन महिन्यांत मृत्यूचा धोका इतर मुलांच्या साडेआठ पट आढळला. त्याहून अस्वस्थ करणारी बाब अशी, की निम्म्याहून अधिक मृत्यू दवाखान्याबाहेर झाले आणि बरेचसे पहिला आठवडा उलटून गेल्यावर झाले. म्हणजे उपचार ‘पूर्ण’ झाले, घरी पाठवले आणि नंतर मूल गेले.

आतड्यात नेमके काय घडते

लहान आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे असंख्य सूक्ष्म उंचवटे असतात. अन्नरस शोषून घेण्याचे काम त्यांचे. जंतूंच्या माऱ्याने हे उंचवटे झिजतात, आखूड होतात. त्यामुळे मुलाने जे थोडेफार खाल्ले, तेही पुरेसे शोषले जात नाही. त्यात ताप असेल तर शरीर जास्त ऊर्जा जाळते, भूक मरते आणि शौचावाटे पाणी-क्षारांबरोबर झिंकही वाहून जाते. याच्या जोडीला घरातली मोठी माणसे पोटाला ‘आराम’ देण्यासाठी खाणे बंद करतात. मिळकत थांबली आणि खर्च वाढला, अशी शरीराची अवस्था होते. मग शरीर स्वतःचे स्नायू आणि चरबी मोडून गरज भागवते.

निरोगी, नीट पोसलेल्या मुलाच्या आतड्याचे अस्तर काही दिवसांत नवे होते, कारण या पेशी सतत बदलत असतात. पण नव्या पेशी घडवायला प्रथिने, झिंक, जीवनसत्त्व ‘अ’ लागते. कुपोषित मुलाकडे हा साठाच नसतो. त्यामुळे त्याचे आतडे सावकाश भरते आणि जुलाब लांबतात. त्याची प्रतिकारशक्ती दुबळी असते, जठरातले जंतू मारणारे आम्लही कमी असते. म्हणून जो जंतू शेजारच्या मुलाला दोन दिवसांचा त्रास देऊन जातो, तोच या मुलाला दहा दिवस आडवे पाडतो. जुलाब चौदा दिवसांच्या पुढे गेले, की त्याला दीर्घकालीन अतिसार म्हणतात, आणि त्यातले मूल घरी ठेवण्यासारखे राहत नाही.

एक बारकावा डॉक्टरांनाही सतत लक्षात ठेवावा लागतो. अतितीव्र कुपोषित मुलाचे डोळे आधीच खोल गेलेले असतात, कातडी सैल असते. शरीरातले पाणी कमी झाल्याची हीच नेहमीची लक्षणे. त्यामुळे अंदाज दोन्ही बाजूंनी चुकू शकतो. अशा मुलाला घाईने शिरेतून सलाईन भरले, तर त्याच्या दुबळ्या हृदयाला तो भार पेलत नाही. ‘सलाईन लावा म्हणजे ताकद येईल’ हा आग्रह अनेक नातेवाईक धरतात. कुपोषित मुलाच्या बाबतीत तो जिवावर बेतू शकतो. म्हणूनच जुलाब घेऊन आलेल्या प्रत्येक मुलाच्या दंडाचा घेर मोजणे ही केवळ पोषण विभागाची औपचारिकता नाही. उपचार कोणते करायचे, हेच त्यावर ठरते.

इमारतींच्या सावलीतले कुपोषण

कुपोषण म्हटले, की महाराष्ट्राच्या डोळ्यांपुढे मेळघाट येतो, नाहीतर जव्हार-मोखाडा. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी राज्य हादरले. तेव्हा जव्हार आणि भाईंदर एकाच ठाणे जिल्ह्यात होते. पालघर जिल्हा वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. जिल्हे वेगळे झाले तरी माणसांची ये-जा थांबलेली नाही. दिवाळीनंतर डोंगराळ तालुक्यांतली अनेक आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामासाठी खाडीच्या या बाजूला उतरतात आणि पावसाच्या तोंडावर शेतीसाठी परत जातात. मूल गावच्या अंगणवाडीच्या वहीत असते आणि मुक्काम शहरातल्या अर्धवट इमारतीच्या तळमजल्यावर. गावात त्याच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ लिहिले जाते आणि शहरात त्याचे नावच नसते.

मिरा-भाईंदर हे मुळात वेगाने भरत गेलेले शहर. २००१ च्या जनगणनेत इथे सव्वापाच लाखांच्या आसपास लोक होते. २०११ मध्ये ही संख्या ८ लाख ९ हजारांवर गेली. २८ फेब्रुवारी २००२ रोजी नगरपालिकेची महानगरपालिका झाली. मिरा रोडचे टॉवर, भाईंदर पूर्वेचे स्टीलच्या भांड्यांचे गाळे, पश्चिमेची मिठागरे आणि खाडीलगतच्या वस्त्या, काशीमिऱ्याच्या डोंगरउतारावरचे पाडे, उत्तन-चौक-पालीचे कोळीवाडे असे अनेक थर या एका महापालिकेत शेजारी शेजारी आहेत. भांड्यांच्या गाळ्यात बारा तास काम करणाऱ्या मजुराची खोली आणि बिगारी काम करणाऱ्या जोडप्याची पत्र्याची झोपडी या इमारतींच्या मागच्याच गल्लीत असते. आई कामावर गेली, की वर्षाच्या मुलाला सांभाळायला सात-आठ वर्षांची बहीण. दुपारचे खाणे म्हणजे चहात बुडवलेले बिस्कीट किंवा पाच रुपयांचे वेफर्सचे पाकीट. पोट भरल्यासारखे वाटते, मूल रडत नाही, पण त्यात वाढीला लागणारे काही नसते. असे मूल उपाशी दिसत नाही, म्हणून कुपोषित असल्याचा संशयही येत नाही.

हा प्रश्न किती व्यापक आहे, ते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीने दाखवले. २०१९ ते २०२१ या काळातल्या या पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी, तर २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने कृश आढळली. १०.९ टक्के मुले तीव्र कृश होती. हे आकडे केवळ दुर्गम तालुक्यांमुळे इतके वर गेले, असे मानून शहरांना सुटका करून घेता येणार नाही. देशातल्या सर्वाधिक शहरी राज्यांपैकी एक असलेल्या महाराष्ट्रातले हे चित्र आहे.

पाण्याची बाजूही बघायला हवी. मिरा-भाईंदरला स्वतःचे धरण नाही. स्टेम प्राधिकरण आणि एमआयडीसी यांच्या वाहिन्यांवर शहर वर्षानुवर्षे विसंबून राहिले आणि सूर्या धरणाच्या पाण्याकडे डोळे लावून बसले. पाणी ठरावीक वेळीच येते तेव्हा दोन गोष्टी होतात. नळ बंद असताना वाहिनीतला दाब जातो आणि शेजारच्या गटाराचे पाणी फुटक्या सांध्यांतून आत ओढले जाते. पुन्हा पाणी सुटले, की पहिल्या लोटाबरोबर ते घरात येते. दुसरे म्हणजे, घराघरांत पिंप भरून ठेवावे लागते आणि त्यात दिवसभर हात आणि तांब्या बुडत राहतो. पावसाळ्यात सखल भागात पाणी साचले, की पहिला धोका आणखी वाढतो. थंडीत मात्र जुलाबांचे कारण बहुतेकदा वेगळे असते. रोटाव्हायरस हा विषाणू भारतात थंडीच्या महिन्यांत अधिक पसरतो. म्हणजे डोंगरातून आलेल्या मजुरांची मुले नेमकी ज्या महिन्यांत शहरात असतात, तेच त्याचे महिने. त्यावरची लस २०१६ पासून टप्प्याटप्प्याने सरकारी लसीकरणात आली असून सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात मोफत तोंडावाटे दिली जाते. फिरत्या कुटुंबांच्या मुलांचे हेच डोस सर्वाधिक चुकतात.

चिमूटभर मीठ, मूठभर साखर आणि एक राहिलेले काम

जुलाबाने होणारे मृत्यू रोखण्याचा सर्वांत मोठा उपाय भारतीय उपखंडातच सिद्ध झाला. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगाव येथील निर्वासित छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले होते. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून ते द्रावण पिंपांतून रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिले. सुमारे ३० टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. यामागचे शास्त्र असे, की आतडे सुजलेले असतानाही ग्लुकोजचा हात धरून मीठ आत शिरते आणि मिठामागून पाणी. महालनबीस यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

या द्रावणाने शरीरातले पाणी टिकते, मूल वाचते. आतड्याला झालेली इजा भरून काढण्याचे काम झिंकचे. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी प्रत्येक जुलाबात ओआरएससोबत झिंक देण्याची शिफारस केली. भारतात सहा महिन्यांवरील मुलाला रोज २० मिलिग्रॅम, तर दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम, असे चौदा दिवस ते दिले जाते. त्याने चालू जुलाब लवकर थांबतात आणि पुढचे दोन-तीन महिने पुन्हा होण्याची शक्यता कमी होते. तरीही देशपातळीवर जुलाब झालेल्या मुलांपैकी सुमारे ६१ टक्के मुलांना ओआरएस आणि केवळ ३०.५ टक्के मुलांना झिंक मिळाल्याचे त्याच पाहणीत आढळले. ज्यांना मिळते त्यांच्याकडेही जुलाब थांबल्यावर उरलेल्या गोळ्या फळीवर पडून राहतात. चौथ्या दिवशी बंद केलेले झिंक म्हणजे अर्धवट सोडलेला उपचार.

ओआरएसच्या नावाचाही गोंधळ होता. औषधांच्या दुकानांत ‘ओआरएस’ असे ठळक छापलेली गोड पेये खोक्यांतून विकली जात. त्यांत साखर खूप आणि क्षार अपुरे. जास्त साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढवते. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केल्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरण्यास मनाई केली. पाकीट घेताना त्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे ना, आणि ते किती पाण्यात मिसळायचे, हे वाचूनच घ्यावे. एक लिटरचे पाकीट पेलाभर पाण्यात टाकणे जितके चूक, तितकेच ते दोन लिटरमध्ये पुरवून वापरणे चूक.

लंघन मोठ्यांसाठी, बाळासाठी नाही

खरी ढिलाई होते ती खाण्याच्या बाबतीत. ‘पोट बिघडले, लंघन करा’ हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. धडधाकट प्रौढाला एक वेळ उपाशी राहून फरक पडत नाही. वर्षाच्या मुलाकडे मात्र तेवढी शिल्लक नसते. जुलाब चालू असताना खाऊ घातल्याने ते वाढतात, ही भीती निराधार आहे. त्या अवस्थेतही आतडे बऱ्याच प्रमाणात अन्न शोषते आणि पोटात अन्न असेल तरच त्याचे अस्तर लवकर भरते.

आईचे दूध एकदाही थांबवू नये; उलट जास्त वेळा पाजावे. सहा महिन्यांवरच्या मुलाला नेहमीचेच अन्न मऊ करून, थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा द्यावे. तांदळाची पातळ पेज देऊन समाधान मानण्याची पद्धत मोडायला हवी, कारण तिने पोट भरते आणि ताकद मिळत नाही. तीच पेज घट्ट करून त्यात मुगाची डाळ आणि चमचाभर तूप किंवा तेल घातले, की तिचे मोल बदलते. गुरगुट्या वरणभात, मऊ खिचडी, कुस्करलेले केळे, दही, नाचणीचे सत्त्व, उकडलेले अंडे यांतले जे घरात असेल ते चालते. उत्तनच्या किनाऱ्यावर बोंबील आणि जवळा वाळवला जातो. तिथल्या घरांत सुकी मासळी स्वच्छ करून, खारटपणा धुऊन, भाजून तिची पूड मऊ भातात कालवली, तर वर्षावरच्या मुलाला प्रथिने स्वस्तात मिळतात. दुधाची बाटली मात्र टाळावी. ती नीट धुणे आणि उकळणे एका खोलीच्या संसारात जमत नाही आणि तिच्या बुचातच जंतूंचे घर असते. वाटी-चमचा पुरेसा.

सर्वांत महत्त्वाचा सल्ला सहसा कोणी देत नाही. जुलाब थांबल्यावर किमान दोन आठवडे मुलाला रोज एक जेवण जास्त द्यावे. या दिवसांत भूक परत येते आणि नीट खाऊ घातले, तर मूल गेलेले वजन भरून काढते. ही संधी हुकली आणि पुढची खेप आली, की उतरण सुरू होते. वर्षातून चार-पाच खेपा अशाच गेल्या, तर दुसऱ्या वाढदिवसाला मूल ‘बारीक अंगाचे’ म्हणून ओळखले जाऊ लागते आणि घरच्यांना ते आनुवंशिक वाटू लागते.

मूल पाणी पिऊ शकत नसेल, प्यायलेले सर्व उलटून पडत असेल, झोपाळू किंवा निपचित झाले असेल, डोळे खोल गेले असतील, बराच वेळ लघवी झाली नसेल, शौचात रक्त असेल किंवा ताप उतरत नसेल, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. जुलाब बंद करणाऱ्या मोठ्यांच्या गोळ्या लहान मुलांना कधीही देऊ नयेत. प्रतिजैविके बहुतेक जुलाबांत लागतच नाहीत.

नुसत्या साबणाने भागणार नाही

स्वच्छतेने सगळे सुटेल, असेही मानता येणार नाही. बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वे येथे मोठ्या चाचण्या झाल्या आणि त्यांचे निष्कर्ष २०१८-१९ मध्ये आले. घरोघरी पाणी शुद्ध करण्याची सोय, सुधारित शौचालय, हात धुण्याची व्यवस्था असे उपाय करून पाहिले. बांगलादेशात जुलाब लक्षणीयरीत्या कमी झाले, इतर दोन ठिकाणी तेही झाले नाहीत. उंची मात्र तिन्हींपैकी कुठेही या उपायांनी वाढली नाही. पूरक आहार दिलेल्या मुलांत थोडी वाढ दिसली. वेल्लोरसह आठ देशांत मुलांना जन्मापासून पाहणाऱ्या आणखी एका अभ्यासातून हेही कळले, की जुलाब न होताही मुलांच्या आतड्यांत जंतू सतत येत-जात असतात आणि आतून इजा करत राहतात.

या निष्कर्षांवरून स्वच्छता निरुपयोगी ठरवणे चुकीचे होईल. अर्धा उपाय अर्धाच लागू पडतो, हा त्यांतला बोध आहे. वस्तीत गटार उघडे असताना एका घरात साबण ठेवून मुलाच्या आसपासची घाण कमी होत नाही. चोवीस तास दाबाने येणारे पाणी, बंदिस्त मलवाहिन्या आणि प्रत्येक वस्तीला वापरण्याजोगे शौचालय हे महापालिकेचे काम आहे. ते आईच्या अंगावर ढकलता येत नाही. आणि पाणी स्वच्छ झाले, तरी ताटात वाढीचे अन्न नसेल तर मूल वाढणार नाही.

दोन वह्या एकत्र आणा

धारावीत ‘स्नेहा’ या संस्थेने अंगणवाड्यांच्या साथीने घरोघरी जाऊन मुलांची वजने-उंची घेतली, कृश मुलांचा पाठपुरावा केला, त्यांना उपचारात्मक आहार आणि दवाखान्याशी जोडून दिले. काही वर्षांत कृश मुलांचे प्रमाण १८ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर आले. तुलनेसाठी घेतलेल्या वस्त्यांत तशी घट झाली नाही. दाट वस्ती, भाड्याची खोली, कामावर जाणारी आई हे सगळे तिथेही होतेच. जे धारावीत जमले ते गणेश देवल नगरमध्ये किंवा काशीमिऱ्याच्या पाड्यांवर जमू नये, असे कारण नाही.

त्यासाठी मोठ्या योजनेची वाट पाहण्याची गरज नाही. महापालिकेच्या प्रत्येक आरोग्य केंद्रात जुलाब घेऊन आलेल्या सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचे वजन आणि दंडघेर मोजावा. दंडघेर ११.५ सेंटिमीटरहून कमी असेल तर मूल अतितीव्र कुपोषित, साडेबारापर्यंत असेल तर मध्यम कुपोषित. मोजपट्टी काही रुपयांची आणि काम अर्ध्या मिनिटाचे. त्या मुलाचे नाव त्याच दिवशी त्या भागातल्या आशा आणि अंगणवाडी सेविकेकडे जावे. चौदाव्या दिवशी घरी जाऊन तिने तीन गोष्टी पाहाव्यात: झिंक पूर्ण झाले का, मूल जास्तीचे जेवत आहे का, वजन परत आले का. आले नसेल तर पुन्हा दवाखान्यात. बहुतेक मुले खासगी डॉक्टरांकडे जातात, तेव्हा शहरातल्या बालरोगतज्ज्ञांनाही या नोंदीत सामील करून घ्यावे लागेल. बांधकाम परवानगी देताना कामावरच्या मुलांची यादी आणि त्यांना जवळच्या अंगणवाडीशी जोडण्याची जबाबदारी विकासकावर टाकता येईल. मुलाचे नाव गावच्या वहीत आहे म्हणून शहरात घरपोच आहार नाकारला जाऊ नये.

पावसाळ्याच्या तोंडावर दरवर्षी अतिसार थांबवण्याचे अभियान होते. ओआरएसची पाकिटे वाटली जातात, हात धुण्याची प्रात्यक्षिके होतात, किती पाकिटे वाटली याचा आकडा वर कळवला जातो. हे काम गरजेचे आहे आणि त्याने जीव वाचतात. त्याच तक्त्यात आणखी एक रकाना वाढवावा: जुलाब झालेल्या किती मुलांचे वजन महिन्याभरात परत आले? हा आकडा वर जाऊ लागला, की आशाताईंच्या फेऱ्या, अंगणवाडीचा आहार आणि दवाखान्याचे औषध यांची सांगड आपोआप घालावी लागेल. तोवर कडेवरचे ते मूल बरे झाले असे म्हणण्याची घाई कोणी करू नये.